कोरलशास्त्री

ज्या काळी गावातल्या अडल्यानडल्या माणसाला तलाठी, वैद्यबुवा आणि पंचांग सांगणारे जोशी एवढे तीन पुरुष पुरेसे होत, त्या काळी चौथ्याची उणीव कोणाला भासली नाही, याचे कारण त्या काळी वाढदिवसाचे फ्लेक्स लागत नसत. आज मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी, एस. टी. स्थानकाकडून कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, झेरॉक्सचे यंत्र, लॅमिनेशनचा वास आणि भिंतीला टेकवून ठेवलेले गतवर्षीच्या गणेशोत्सवाच्या कमानीचे अवशेष यांच्यामधल्या आठ बाय दहाच्या गाळ्यात एक गृहस्थ संगणकाकडे तोंड आणि जगाकडे पाठ करून बसलेला आढळतो. बाहेरच्या पाटीवर ‘डीटीपी, लग्नपत्रिका, फ्लेक्स, रबरी शिक्के’ एवढाच मजकूर असतो; परंतु त्याची खरी कीर्ती पाटीवर न लिहिलेल्या विद्येवर उभी असते. पंचक्रोशीत कोणाचे फोटोशॉप रुसले, कोणाचे कोरल ऐन मोक्याला अडून बसले, कोणाची वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडली, की त्याची पावले आपसूक या गाळ्याकडे वळतात. लोक त्याला भाऊ म्हणतात. मी मनातल्या मनात कोरलशास्त्री म्हणतो. हा शास्त्री कोणी एक नसून ठिकठिकाणी पाहिलेल्या अनेकांचा गोषवारा आहे, हे संभाव्य फिर्यादींच्या बंदोबस्तासाठी आधीच नोंदवून ठेवतो.

शास्त्रीबुवांचे शिक्षण विचारू नये. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात कोठेतरी विद्यापीठाची आणि त्यांची फारकत झालेली असते. परंतु कोरल ड्रॉ 1989 साली कॅनडातल्या ओटावा शहरातून बाहेर पडले आणि पुढल्याच वर्षी थॉमस आणि जॉन या नॉल बंधूंच्या खटाटोपातून निघालेले फोटोशॉप बाजारात आले, ही वंशावळ ते ज्या आदराने सांगतात, तो आदर त्यांना स्वतःच्या कुळाविषयीही नसतो. पेजमेकर सात, फोटोशॉप सात आणि कोरल बारा ही त्यांची त्रयी. यांतले वयाने सर्वांत धाकटे दैवत 2004 सालचे आहे, आणि त्यानंतर या क्षेत्रात झाले ते सारे अवमूल्यन, असा त्यांचा पक्का अभिप्राय आहे. (या प्रतींच्या मालकी हक्काचा दस्तऐवज पाहण्याचा आग्रह धरणे शिष्टाचाराला सोडून होईल.) नव्या आवृत्त्या त्यांच्याकडे नसतात असे नाही, नव्यात केलेली फाईल जुन्या कोरलला उघडत नाही, म्हणून त्या नाइलाजाने ठेवाव्या लागतात. पण नव्या कोरलात ‘अरेंज’ नावाचा मेनू बरखास्त करून त्या जागी ‘ऑब्जेक्ट’ची नेमणूक करण्यात आली, ही गोष्ट निघाली की त्यांचा स्वर घरच्या वाटण्यांविषयी बोलताना होतो तसा होतो.

त्यांच्या निदानपद्धतीचा पहिला सिद्धान्त असा, की जबानी आधी यंत्राची घ्यावी आणि मागाहून माणसाची. यंत्र पोटातले खरे तेच सांगते, फक्त इंग्रजीत सांगते. माणूस मराठीत सांगतो, पण ‘मी काहीच केलं नाही’ या एका वाक्यापलीकडे त्याची कैफियत सरकत नाही. परवा एका फोटो स्टुडिओतला तरुण, डोळे तांबारलेले, लॅपटॉप छातीशी धरून आला.

“भाऊ, ब्रश गेला. गोल यायचा तिथं नुसती फुली येतीय. रात्रभर जागून फोटोशॉप काढलं, परत टाकलं, तरी फुलीच.”

“काय केलं होतंस?”

“काहीच नाही!”

“बरं. चहा सांग दोन.”

तरुण चहा सांगायला दाराशी गेला तेवढ्यात शास्त्रीबुवांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला, डाव्या हाताची करंगळी कॅप्स लॉकवर ठेवली आणि उचलली. रोग संपला. तरीही पुढची दहा मिनिटे त्यांनी तीन खिडक्या उघडल्या, दोन मिटल्या, एकदा ‘हूं’ म्हटले आणि एकदा चष्मा पुसला. कॅप्स लॉक चालू असले की फोटोशॉप ब्रशचा गोल झाकून नेमका मध्यबिंदू दाखवणारी फुली पुढे करते. बारीक काम करणाऱ्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे. सॉफ्टवेअर पन्नासदा पुसून पुन्हा घातले तरी दाबलेले बटण दाबलेलेच राहणार, हे त्या तरुणाला सांगितले का नाही, असे मी नंतर विचारले. “सांगितलं तर पोरगं मनाला लावून घेईल,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून, “आणि पन्नास रुपये देणार नाही.” या दोन कारणांपैकी पहिले त्यांनी माझ्यासाठी सांगितले असावे असा माझा तर्क आहे.

हेच शास्त्रीबुवा शाळेची स्मरणिका घेऊन आलेल्या बाईंशी मात्र निराळे वागतात. बाईंचे म्हणणे, ब्रश फिरवते पण रंग म्हणून उमटत नाही. “ताई, कुठंतरी सिलेक्शन राहिलंय,” एवढे बोलून ते कंट्रोल आणि डी दाबतात आणि रंग वाहू लागतो. चित्र मोठे करून पाहताना दृष्टीआडच्या कोपऱ्यात मघाशी निवडलेला तीळभर भाग तसाच शिल्लक असतो, आणि जोवर तो आहे तोवर त्याच्या हद्दीबाहेर एक थेंब पडू द्यायचा नाही, हा फोटोशॉपचा कायदा आहे. बाईंकडून ते काही घेत नाहीत. त्यांचा मुलगा त्या शाळेत सातवीत आहे.

डिस्क भरल्याची तक्रार आली की मामला दिवाणी स्वरूप धारण करतो. मोठ्या चित्राला मेमरी अपुरी पडू लागली म्हणजे फोटोशॉप आपला कच्चा खर्डा हार्ड डिस्कवर मांडते, बहुधा सी ड्राइव्हवर; आणि सी ड्राइव्हवर तर घरातल्या यच्चयावत लग्नमुंजींची चलच्चित्रे बिऱ्हाड करून असतात. येथे इलाज सोपा, अंमलबजावणी कठीण. सासूबाईंच्या एकसष्टीचे शूटिंग डी ड्राइव्हवर हलवू का, एवढे विचारले, तर एका जावईबापूंनी आधी घरी फोन लावला, मग बाहेर जाऊन बोलले, आणि परत येऊन म्हणाले, “हलवा, पण हललंय असं दिसायला नको.”

सर्व उपाय हरले म्हणजे शास्त्रीबुवा अखेरचे अस्त्र बाहेर काढतात: फोटोशॉप उघडत असतानाच कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट ही तीन बटणे एकदम दाबून धरणे, म्हणजे त्या प्रोग्रामने बाळगलेल्या साऱ्या जुन्या सवयी पुसून तो कोरा होतो. कोरलसाठी एफ आठ. याने बहुतेक हट्टी दुखणी बरी होतात. पण गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे लावून घेतलेली मांडणीही त्याबरोबर जाते, म्हणून ते आधी तोंडी संमती घेतात आणि शक्यतो साक्षीला मला बसवतात.

परंतु त्यांची खरी प्रतिष्ठा देवनागरीत आहे. हल्ली मजकूर येतो व्हॉट्सॲपवर, म्हणजे युनिकोडात. आणि शास्त्रीबुवांचा जन्म गेला श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत, जेथे मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असतात. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही तेथे फाईल उघडली, की भाडेकरू निघून जातात आणि मूळ मालक दारात येतात. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, टक्के आणि स्वल्पविराम यांची दंगल दिसू लागते. युनिकोडात ही भानगड नाही, पण निराळी आहे. तेथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात: आधी च, मग ऱ्हस्व वेलांटी, ती वेलांटी उचलून चच्या अलीकडे नेऊन बसवणे हे सॉफ्टवेअरचे कर्तव्य असते, आणि जुन्या फोटोशॉपला या कर्तव्याची जाणीवच नाही. ते वेलांटी जशी आली तशी पुढे मांडते. मग चिवड्याचा ‘चविडा’ होतो, मिठाईची ‘मठिाई’ होते, जोडाक्षरे पाय मोडून पडतात, आणि एखाद्या दुकानाच्या पाटीवर हा अपघात कायमचा रंगवला जातो. नव्या आवृत्त्यांत उपाय आहे. काहींत मात्र तो पसंतीच्या दप्तरात, टाइपच्या सदरात, मध्यपूर्वेच्या आणि दक्षिण आशियाच्या लिप्यांसाठी ठेवलेल्या एका पर्यायामागे लपवलेला असतो, आणि तो निवडला तरी आधी लिहिलेला मजकूर जागचा हलत नाही. त्याला परिच्छेदाच्या खिडकीतून ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर वेगळा लावावा लागतो. मराठीला अरबी-हिब्रूच्या पंक्तीला बसवल्यावाचून फोटोशॉपात शुद्ध लिहिता येऊ नये, याचे शास्त्रीबुवांना आश्चर्य वाटत नाही. ते म्हणतात, “कुठं का बसवेना, वेलांटी जागेवर बसली म्हणजे झालं.” भाषाशुद्धीच्या चळवळीने इतके सुटसुटीत ध्येय कधी ठेवले होते असे मला आठवत नाही.

फॉन्टाच्या या सर्व कटकटींवर छापखान्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘कर्व्ह करून आणा’. कंट्रोल आणि क्यू दाबले, की कोरलमधल्या अक्षराचे अक्षरपण संपते आणि उरते ती नुसती आकृती. मग समोरच्याकडे फॉन्ट असो वा नसो, काही बिघडत नाही. बिघडते ते एवढेच, की त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. म्हणून सुज्ञ मनुष्य कर्व्ह करण्यापूर्वीची ‘ओपन फाईल’ निराळी जपतो. एका लग्नपत्रिकेची अशी ओपन फाईल वीज गेल्याच्या गडबडीत नष्ट झाली, आणि प्रूफावर सही करून गेलेले वरपिते तासाभराने धापा टाकीत परत आले.

“अहो, मुहूर्त गोरज आहे! इथं ‘सकाळी 6 वाजून 42 मिनिटांनी’ छापलंय!”

“काका, प्रूफ तुम्हीच पाहिलंत.”

“मी नावं पाहिली हो. मानापमान नावांत असतात, वेळेत कोण बघतंय?”

हे विधान समाजशास्त्राच्या कसोटीला उतरणारे होते, त्यामुळे शास्त्रीबुवा निरुत्तर झाले आणि कामाला लागले. ‘सकाळी’चे ‘सायंकाळी’ करायचे, तर ‘सा’ आणि ‘यं’ पाहिजेत. आणि नव्याने टंकावे, तर तो फॉन्ट वरपित्यांच्या पुतण्याने कोठूनसा आणलेल्या पेनड्राइव्हबरोबर परत गेलेला. शास्त्रीबुवांनी पत्रिका मोठी करून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. ‘आशीर्वादासाठी अगत्य येण्याचे करावे’ यातला ‘सा’ त्यांनी नकलून घेतला. ‘यं’ काही केल्या मिळेना. शेवटी तो माथ्यावर, ‘श्री स्वयंभू गणेश प्रसन्न’ या ओळीत सापडला. पण ती ओळ मोठ्या टायपात, म्हणून ‘यं’ लहान करावा लागला, लहान केल्यावर अंगाने बारीक दिसू लागला, म्हणून त्याला केसाएवढी बाह्यरेषा देऊन शेजाऱ्यांच्या जाडीचा केला. जुन्या ‘स’ला हटवले, ‘काळी’ उजवीकडे सरकवले आणि दोन्ही परक्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ इतक्या बेमालूम सांधली, की वरपित्यांनी भिंग लावूनही त्यांना जोड दिसला नाही. मला ही कारागिरी पाहून हात जोडावेसे वाटले. वरपित्यांनी विचारले, “एवढ्यासाठी अर्धा तास?”

फोटोंच्या बाबतीत मात्र कारागिरीला मर्यादा आहेत. व्हॉट्सॲपवरून आटून आलेला, 1080 चित्रबिंदू रुंदीचा फोटो इंचाला 300 बिंदूंच्या हिशेबाने छापला तर साडेतीन इंचांच्या किंचित पुढे जातो. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने तेथे इंचाला 72 देखील चालतात, तरी दहा फुटांना 8640 लागतातच. गिऱ्हाईक येते ते महाबळेश्वरच्या सहलीतल्या घोळक्याचा फोटो घेऊन, आणि त्यातल्या मागच्या रांगेतल्या, अर्ध्या टोपीआड गेलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणते, “एवढाच घ्या, दहा बाय आठ करा. आणि फुटता कामा नये.” बिंदू नाहीत ते आणू कोठून, हा शास्त्रीबुवांचा सवाल त्याला उद्धटपणा वाटतो.

आणि रंग! संगणकाच्या पडद्यावर रंग तीन दिव्यांनी बनतो, कागदावर वा फ्लेक्सवर चार शायांनी. पडद्यावरचा झळझळीत केशरी शायांच्या आवाक्यातच नसतो, तो छापताना उतरतो. एरवी ही तांत्रिक बाब. निवडणुकीच्या दिवसांत ती निष्ठेची होते. गेल्या खेपेला एक कार्यकर्ता, मागे तिघे उभे करून, एका हातात गुंडाळी आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून दुकानात शिरला आणि त्याने दोन्ही शेजारी शेजारी धरले.

“भाऊ, बघा. मोबाईलवर कसा आहे, आणि हितं कसा विटकरी केलाय. कोणाचं ऐकून केलंत?”

मी खुर्ची किंचित मागे घेतली. शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, “साहेब, कोणाचं नाही. मोबाईलला मागून दिवा आहे. फ्लेक्सला नाही.”

“मग फ्लेक्सला लावा की दिवा.”

“लागतो. बॅकलिटचं कापड वेगळं येतं. पेटीत ट्यूब टाकायच्या. फुटाला दर तिप्पट.”

कार्यकर्त्याने फ्लेक्स जमिनीवर उलगडला. वर मधोमध नेते, त्यांच्याखाली पायरीपायरीने लहान होत गेलेले शुभेच्छुक, एकूण चोवीस, प्रत्येक आपापल्या वर्तुळात. तो बराच वेळ उकिडवा बसून पाहत राहिला, मनाशी काही हिशेब केला आणि मागच्या तिघांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले,

“साहेबांच्या तोंडापुरतंच बॅकलिट होईल का?”

शास्त्रीबुवांनी खणातून टेप काढली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत माप घ्यायला सुरुवात केली.