लाइट बघतोय फक्त

एका फोटोला अर्धा तास लावणारा फोटोग्राफर तुमच्याही गावात असणारच. आमच्या साताऱ्यात ते अण्णा. राजवाड्याजवळच्या बोळात पहिल्या मजल्यावर स्टुडिओ, जिना संपतो तिथे आरसा, आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा. त्या कंगव्याबद्दल मी काही बोलणार नाही.

दिवाळी अंकाला लेखासोबत फोटो हवा होता आणि तो त्याच दिवशी हवा होता. तसं सांगितल्यावर अण्णांनी मला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला आणि विचारलं, “आज भाजी कुठली होती?”

“गवार. अण्णा, जरा घाई आहे.”

“कूट घालता की नुसतं खोबरं?”

“कूट. अण्णा, फोटो...”

“अहो, काढतच नाहीये अजून. लाइट बघतोय फक्त.”

आणि क्लिक.

‘लाइट बघतोय फक्त’ या तीन शब्दांवर अण्णांनी संसार केला, मुलीचं लग्न केलं, वरचा मजला बांधला. दुकानाच्या काचेत लावलेला प्रत्येक फोटो लाइट बघताना निघालेला आहे. उलट “हं, आता काढतो” म्हणून काढलेला एकही फोटो तिथे नाही. त्याचं कारणही उघड आहे. चारचौघांत खदाखदा हसणारा माणूस ‘रेडी’ हा शब्द ऐकला, की जप्तीची नोटीस वाचून दाखवल्यासारखा चेहरा करतो. खांदे कानाला टेकतात. इतकी वर्षं विनातक्रार लोंबणारे हात एकाएकी परके वाटायला लागतात आणि हमखास प्रश्न येतो, “हातांचं काय करू?” अण्णांकडे त्यावर उत्तर आहे: “माझी ही डबी धरा जरा.” डबी रिकामी असते. लाइट बघायला तेवढं पुरतं.

रोलच्या काळात मात्र अण्णा बरोबर उलटं खोटं बोलत. एका रोलमध्ये 36 फोटो, त्यात लाइट बघण्याची चैन कुठली परवडणार? तेव्हा ते नुसताच फ्लॅश उडवून “झाला!” म्हणायचे. गिऱ्हाईक सुटकेचा श्वास सोडायचं, खांदे खाली यायचे, आणि त्या क्षणी खरा फोटो निघायचा. डिजिटल आल्यावर फोटोग्राफीत काय बदललं, असं मी एकदा त्यांना विचारलं. “थाप,” ते म्हणाले.

पण अण्णांच्या मते खरी अडचण समोरचा माणूस नसतोच, त्याच्याबरोबर आलेला असतो. स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी मुलगी येते आणि मागे आई उभी असते. “हस की जरा. एवढं नको. दात झाक. मान वर.” अशा वेळी अण्णा कोपऱ्यातला थर्माकोलचा मोठा तक्ता काढतात. “काकू, हा धरा. उजेड परतवायला लागतो. अजून वर. अजून.” त्यात खोटं काही नाही, पांढऱ्या थर्माकोलनं चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूला मऊ उजेड येतो. पण तक्ता पुरेसा वर गेला, की मागच्या काकूंना मुलगी दिसेनाशी होते आणि मुलीला काकू. मग तक्त्यापलीकडे कुजबुज होते, “आई नेहमी अशीच का गं?” आणि मुलगी हसते. डोळ्यांसकट हसते. काकूंचे हात दुखून येतात, पण तोवर सगळा लाइट बघून झालेला असतो.

अण्णांचं आराध्यदैवत म्हणजे युसूफ कार्श. 30 डिसेंबर 1941 रोजी ओटावात त्यानं चर्चिलच्या तोंडातली सिगार उपटून घेतली आणि चर्चिल भडकलेला असतानाच फोटो काढला. पुढे तोच चेहरा ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर गेला. ही गोष्ट अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, आणि सांगून थांबले असते तर बरं झालं असतं. नगरपालिकेच्या निवडणुकीआधी वॉर्डातले एक इच्छुक फ्लेक्सच्या फोटोसाठी आले. त्यांच्या कानाचा मोबाइल सुटेना. अण्णांनी शांतपणे पुढे होऊन तो काढून घेतला. पलीकडे जिल्ह्याचे साहेब होते. इच्छुकांनी जे डोळे वटारले ते अण्णांनी टिपले. फोटो खरोखर चर्चिलच्या तोडीचा होता. इच्छुकांनी तो न घेता हात जोडलेला, दात दाखवणारा फोटो दुसरीकडून काढून घेतला. तिकीट मिळालं नाही. “माझा लावला असता तर मिळालं असतं,” असं अण्णा अजून म्हणतात.

बरं, हा माणूस नुसता गप्पिष्ट असता तर विषय संपला होता. पण गवारीच्या भाजीवर बोलता बोलता तो सात-आठ फूट मागे सरकलेला असतो. जवळून, मोबाइलनं काढलेल्या फोटोत नाक आहे त्याहून मोठं येतं. लांबून, 85 मिलिमीटरच्या लेन्सनं ते आपल्या जागी बसतं. ज्यांचे डोळे नेमके क्लिकला मिटतात त्यांना तो आधीच मिटायला लावतो आणि “उघडा” म्हणतो. डबल हनुवटीवाल्यांना ‘डबल’ हा शब्द कानी न पडू देता मान किंचित पुढे घ्यायला लावतो. हे सगळं आपल्याला कळतं ते फोटो हातात पडल्यावर. म्हणजे, कळतं असं मला वाटतं. बाकीचे “आज मी बरा दिसत होतो” असं म्हणत जिना उतरतात.

अण्णांचा एकच शत्रू, अमेरिकेचा व्हिसा. दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, भाव कोरा, आणि 2016 पासून चष्माही चालत नाही. एमएसला निघालेली पोरं रांगेनं येतात आणि दोन मिनिटांत जातात. त्या वेळी अण्णा भाजी विचारत नाहीत.

आणि मग कधीतरी नऊवारीतल्या एखाद्या आजी एकट्याच जिना चढून येतात. पिशवीतून यजमानांचा फ्रेम केलेला फोटो काढून टेबलावर ठेवतात. “ह्यांच्या शेजारी लावायचाय. एवढाच करा. पोरांना तेव्हा धावाधाव नको.” मी अंकाचा फोटो न्यायला गेलो तेव्हा अशाच एक आजी स्टुलावर होत्या. अण्णांनी भाजी विचारली नाही. यजमान कुठं नोकरीला होते ते विचारलं. एसटीत कंडक्टर. “मग तुम्हाला तिकीट काढायचे का?”

“पहिल्यांदा काढलं,” आजी म्हणाल्या. “मला ओळखलंच नाही मेल्यानं. लग्नाला आठवडा झाला होता.” आणि तोंडाला पदर लावून अशा हसल्या, की टेबलावरच्या फ्रेममधले आजोबा ओशाळल्याचा मला भास झाला. पदर खाली आला तशी क्लिक झाली. आजींनी दचकून वर पाहिलं.

“काढला?”

“छे हो. लाइट बघतोय फक्त.”

“बघ बाबा सावकाश. मला कुठं जायचंय.”

माझा फोटो मिळाला तो गवारीत कूट घालतानाचा आहे. संपादकांना आवडला. तुम्हाला अण्णांकडे जायचं असेल तर एवढंच सांगतो: कंगवा घरचा न्या, सोबत कुणाला नेऊ नका, आणि शर्टाची बटणं रस्त्यावरच लावून घ्या. वर पोचल्यावर त्याला वेळ मिळत नाही.