तीनशे एकाहत्तर जे

प्लॅस्टिकची फाइल काखेत मारून तहसीलच्या पायरीवर बसलेला बाप तुम्ही पाहिलाच असेल. बिदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकीत तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. गल्ली त्याला अण्णा म्हणते.

2012 साली घटनेची 98वी दुरुस्ती झाली, 371 जे कलम आलं आणि बिदर-कलबुर्गीसह कर्नाटकातल्या सहा मागास जिल्ह्यांतल्या पोरांना शिक्षणात, नोकरीत राखीव जागा मिळाल्या. त्यासाठी 'लोकल' असल्याचे दाखले निघू लागले तेव्हा अण्णांचा बाळ्या शाळेत होता, शेंबूड बाहीला पुसत होता. अण्णांनी दाखला काढला, लॅमिनेट केला, वर ढीगभर झेरॉक्स मारल्या.

तेव्हापासून कशावरही हाच तोडगा. बाळ्या क्रिकेटात त्रिफळाचीत झाला, की कट्ट्यावरून आवाज : "लोकल पोरगं हाय, आजून एक चान्स द्या!" लग्नाच्या पंगतीत जिलेबी संपत आली, की "लोकलला आधी वाढा!" उदगीरच्या एसटीत खिडकीच्या जागेसाठी त्यांनी खरोखर फाइल उघडली होती. कंडक्टर महाराष्ट्राचा; त्यानं शांतपणे तिकीट मागितलं. बाळ्या गणितात गचकला तेव्हा मी काळजी दाखवायला गेलो, तर अण्णा म्हणाले, "मास्तर, इथल्या कॉलेजात सत्तर टक्के जागा आपल्यालाच हाईत." उरलेल्या तीस टक्क्यांची चिंता मलाच होती. ते कार्टं त्या वेळात माझी कौलं फोडायचं आणि सीताफळं कच्चीच तोडून न्यायचं.

पण एक सांगतो. अण्णांचे वडील निजामाच्या राज्यात जन्मले, अण्णा म्हैसूर राज्यात, बाळ्या कर्नाटकात. घर तेच, चुलीची जागासुद्धा तीच. म्हाताऱ्याचे कागद उर्दूत, अण्णांची शाळा मराठीत, बाळ्याचे दाखले कन्नडात. सरकारंच दारावरून गेली. अशा घराला 'हा माणूस इथलाच' असं लिहिलेला कागद मिळाल्यावर त्यानं तो लॅमिनेट करू नये, तर काय करावं? आणि त्या फाइलीत अण्णांच्या स्वतःच्या नावाचा एक कागद नाही. सगळी बाळ्याची.

कोट्यातून बाळ्याला कलबुर्गीला इंजिनिअरिंगची जागा मिळाली. पास झाला आणि नोकरी लागली पुण्यात! ट्रॅव्हल्सची गाडी सुटेपर्यंत अण्णा त्याच्या बॅगेत फाइल कोंबत होते.

"अण्णा, तिथं याचा काय उपयोग?"

"आसू द्या मास्तर. कुणी इचारलं तर?"

विचारतात की. 'काय करलालास' ऐकून पुण्यातले रूमवरचे त्याला कानडी समजतात. कलबुर्गीत होस्टेलची पोरं मराठी म्हणून चिडवायची. सीताफळं आता झाडावरच पिकतात. मला त्यात काही विशेष आनंद होत नाही.

अण्णा सध्या सून शोधताहेत. बाळ्याचं लग्नाचं अजून काही नाही, पण नातू पुण्यात जन्मला तर त्याला दाखला मिळेल का, ही धास्ती त्यांनी आत्ताच घेतलीय. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तेव्हा माहेर 371 जेच्या जिल्ह्यांतलंच हवं. विजयनगर धरून आता ते सात झालेत, म्हणजे निवडीला वाव आहे, असं त्यांचं म्हणणं. उदगीरचं एक स्थळ त्यांनी परवा परत पाठवलं. मुलगी पसंत, घर पसंत, सोयरीक जुन्या ओळखीतली. अडलं ते जिल्ह्यावर. बाळ्याला यातलं काही कळवलेलं नाही.