दात दाखवून सुलक्षण

रत्नागिरीत रंगलेलं तोंड ही लाजेची गोष्ट कधी नव्हती. १८५६ साली इथल्या टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांची सुपारी सर्वश्रुत आहे. १८८६ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला इथे आणून ठेवलं, त्याच्या ब्रह्मदेशात तर विड्याचं तबक हे राजवैभवाचं लक्षण. अशा गावात कुणी पांढरेशुभ्र दात काढून हसलं, की लोक विचारतात, "मुंबईहून कधी आलात?"

माझ्या पुतण्याला मात्र लग्नाआधी असेच दात हवे होते. मुहूर्त मे महिन्यातला, फोटोग्राफर पुण्याचा. बातमी पडवीत फुटली आणि घरादाराला दंतवैद्यक आठवलं.

"राखुंडी लाव," आत्या म्हणाली. "शेणीची राख नि चिमूटभर मीठ. आम्ही काय पेस्टी खाल्ल्या होत्या?" शेजारच्या वहिनींनी मोबाइलवर बघितलेलं लिंबू आणि खायचा सोडा सुचवला. तात्यांचं मत आंब्याच्या पानावर. मधली शीर काढायची, पान दुमडायचं आणि घासायचं. तेही हापूसच्या कलमाचंच, रायवळाचं चालायचं नाही. आमच्याकडे दात घासण्यातसुद्धा प्रतवारी असते.

पितळेच्या तपेल्याला राख लावून कितीही घासा, आतून पितळच निघतं. दाताचं तसं नाही. वरचं इनॅमल झिजलं की खालचं डेंटीन डोकावतं, आणि ते जन्मजात पिवळट. म्हणजे पांढरे करायला म्हणून राखेने, कोळशाने खसाखसा घासावेत आणि दात आणखी पिवळे दिसावेत! लिंबू तर त्याहून लबाड. त्याच्या आंबटाने इनॅमल मऊ पडतं, मग वरून सोड्याची घासणी. गेलेलं इनॅमल परत येत नाही; ते घडवणाऱ्या पेशी दात वर येतानाच संपलेल्या असतात.

लांबच्या एका काकींनी मिश्रीचं नाव काढलं, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. ती भाजलेली तंबाखू. दात काळे, हिरड्या खराब, वर कर्करोगाचा धोका. तो डबा लग्नघराबाहेरच बरा.

शेवटी पुतण्या दंतवैद्याकडे गेला. सोबत आत्या, कारण दात साफ करायच्या यंत्राने दात हलतात अशी तिची खात्री. डॉक्टरांनी आधी किडके दात आहेत का ते पाहिलं, मग कीटण काढलं. "बघा, फटी पडल्या!" आत्या ओरडली. "फटी होत्याच आजी, कीटणाने बुजल्या होत्या," डॉक्टर म्हणाले. निम्मा पिवळेपणा तिथेच उतरला. चहाचा आणि पानाचा डाग वरवरचा असतो, त्याला एवढंच पुरतं.

उरलेल्यासाठी हिरड्या झाकून हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल लावलं. ते दाताला घासत नाही, आत मुरलेल्या रंगाचे रेणू फोडतं. थोडे दिवस गार पाण्याने कळा येतात, मग थांबतात. पुतण्याच्या पुढच्या दातातलं जुनं सिमेंट मात्र होतं त्याच रंगाचं राहिलं. भरलेल्या दाताला आणि कॅपला हे जेल लागू पडत नाही. ते सिमेंट नंतर बदलून घ्यावं लागलं.

खरा प्रसंग घरी ओढवला. दोन दिवस रंगाचं काही खायचं नाही, असा हुकूम होता. चहा बंद, माशाचं तिखलं बंद, जांभळं बंद, सोलकढीसुद्धा बंद. बिचारा घावणे, खोबरं आणि मऊभातावर बसला. घरात केळवणांची रांग, आणि नवरदेव सुतकातल्यासारखा पांढरं खातोय! एरवीसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं सोपं होतं: मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. कोकम सरबत प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची आणि अर्धा तास ब्रशला हात लावायचा नाही.

पुतण्याचं बघून तात्यांनाही नवी कवळी करायचा हुरूप आला. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे छटांची पट्टी धरली. तिच्यावर सोळा छटा. तात्यांनी चष्मा पुसला, पट्टी उजेडात नेली, पहिल्या चार छटांकडे ढुंकून पाहिलं नाही आणि पार शेवटच्या टोकाला बोट ठेवलं.

"ही द्या. आणि जमलं तर वर जराशी सुपारीची झाक मारा. नाहीतर मांडवीच्या किनाऱ्यावर मला कोण ओळखणार?"