कोंबड्यांचं क्वार्टर

उभी हयात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर कुडाळजवळच्या गावी राहायला आल्यावर परसात चार गावठी कोंबड्या पाळायचं ठरलं, तेव्हा त्यांचं खुराडं सुताराच्या मर्जीवर सोडणं मला कमीपणाचं वाटलं. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, सगळं रीतसर काढलं.

“कोंबड्यांना दाखवलंत का?” हिनं विचारलं.

तरी नकाशा शास्त्रशुद्ध होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास, त्यात घाम येण्याची सोय नाही. बिचारी चोच उघडून धापा टाकते. छपराखाली जाळीचा झरोका, कारण विष्ठेतला अमोनिया आत कोंडला की डोळे आणि छाती दोन्ही धरतात. खाली भाताच्या तुसाची 3 इंच गादी. माणशी, म्हणजे कोंबडीमागे, 2 चौरस फूट पुरतात. मी 5 दिले. मुंबईत इतकं औदार्य मला कुणी दाखवलं नव्हतं.

अंडी घालायचे खण मात्र कमरेच्या उंचीवर घेतले. अंडी काढताना मला वाकायला नको. निजायची दांडी त्यांच्याखाली. इथेच घोडं पेंड खायला लागलं. दिवेलागणीला कोंबडी खुराड्यातली सगळ्यात उंच जागा हेरते. चौघी दांडीकडे ढुंकूनही न बघता खणांत जाऊन निजल्या, आणि सकाळी अंडी शेणानं सारवल्यासारखी निघाली. शिवाय खण तीन असताना चौघींना हवा तो एकच. एक आत बसलेली, बाकीच्या बाहेर ताटकळत, कोकलत.

शेजारच्या काकींनी कंपासपेटीला हात न लावता निकाल दिला : “कोंबडी उंच निजता. दांडी वर घे, खण खाल.” त्यांच्या स्वतःच्या कोंबड्या उपड्या डालग्याखाली सुखानं नांदतात.

दुरुस्तीला आत शिरलो. आता दाराबद्दल सांगायला हवं, कारण मला खरा अभिमान त्याचाच. मुंगसाच्या भीतीनं मी ते आपोआप मिटणारं केलं होतं. मिटलं की बाहेरून कडी पडते. उघडताना ती आधी उचलायची, मग सरकवायची. मुंगसाच्या बापाला जमणार नाही. आतल्या माणसालाही जमत नाही, हे दार मिटल्यावर कळलं. मोबाइल पडवीत चार्जिंगला, ही मालिकेत.

खण खाली उतरवून झाले होते, दांडी सोडवून हातात घेतली होती. छप्पर 5 फुटांवर, म्हणून मी ओणवा. एवढ्यात तिन्हीसांज झाली. कोंबड्यांसाठी ठेवलेल्या धाकट्या झडपेतून चौघी एकामागोमाग आत आल्या, माना तिरक्या करून वर पाहिलं. खुराड्यातली सगळ्यात उंच जागा आता माझी पाठ होती. थोरली खांद्यावर चढली. तिनं नख्या रोवल्या, पिसं फुलवली आणि डोळे मिटले. दुसरीनं मान पसंत केली.

माझ्या हाका ऐकून आधी काकी आल्या. बॅटरीचा झोत तोंडावर धरून म्हणाल्या, “काय रे, खुडूक बसलंस काय?”

मग ही आली. तिनं कडी उचलली, सरकवली नाही.

“कोपऱ्यातल्या खणात एक अंडं राहिलंय,” ती म्हणाली, “आधी ते इकडे द्या.”