भरती वेळेवर, पाहणी सवडीने

पाऊस सरला की गोव्याच्या किनाऱ्यावर शॅक उभे राहतात: बांबू, झावळ्या आणि हंगाम संपला की सगळं उचलून नेण्याची हमी. झावळ्या खरोखरच उचलल्या जातात. खालचा काँक्रीटचा चौथरा मात्र कुठेकुठे वाळूत दबा धरून बसतो. तक्रार ऑक्टोबरात होते, नोटीस हंगाम ऐन भरात असताना निघते आणि पाहणीला मुहूर्त लागतो जूनचा. तोवर शॅकच नसतो, मग अतिक्रमण कसलं? शेरा पडतो, ‘जागेवर काही आढळले नाही.’

किनारी नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) 1991च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा बांधकामाला बंद केला. 2019 साली दाट वस्तीच्या गावांसाठी तो 50 मीटरवर आणायची सोय झाली. समुद्राला याची प्रत कुणी पाठवलेली दिसत नाही.

हंगामी परवान्याच्या अटी काटेकोर पाळते ती मोरजीला येणारी ऑलिव्ह रिडले कासवीण. रात्री येते, खड्डा खणते, स्वतःच बुजवते आणि निघून जाते. चौथरा बांधत नाही.

साहेब, पाहणी करायचीच असेल तर डिसेंबरात या, आणि झावळ्या नव्हे, चौथरे मोजा.