चव्वेचाळिसास एक

तालुक्याच्या गावी बसस्टँडामागं मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान असतंच, आणि त्यात एक मिस्त्री असतात. वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं आणि मिस्त्रींच्या ओठांवर अखंड मोजणी. मशीनला काउंटर आहे. पण मिस्त्रींचा त्याच्यावर विश्वास नाही. "मिस्त्री, चहा किती सांगू?" असं विचारलं की "आठशे बारा" असं उत्तर येतं. चहावाला आता दोन आणून ठेवतो.

जळालेली डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, उघडली की स्वारीला चेव येतो. शंभर केव्हीएची डीपी घ्या. वरची गुंडाळी 11,000 व्होल्टची, खालची 250 ची. भागा, 44 आले. खाली 60 फेरे असले तर वर 2,640 हवेत. व्होल्टेज फेऱ्यांच्या प्रमाणात चालतं आणि करंट त्याच्या नेमका उलट. पूर्ण लोडला खालच्या कॉइलमधून 133 अँपिअर जातात, तेव्हा वरच्या कॉइलमधून जेमतेम तीन. म्हणून खाली कागद गुंडाळलेली जाड पट्टी आणि वर बारीक तार.

टीव्हीवर 'हाय-व्होल्टेज ड्रामा' अशी पट्टी झळकली की मिस्त्री उखडतात. "व्होल्टेज चढलं तर करंट उतरायला पाहिजे. ह्यांचं दोन्ही चढतंय! एवढी पॉवर आणतात कुठनं?"

शेतकऱ्यांशी त्यांचा वाद जुना. लाइट आली की सगळ्यांचे पंप एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, आणि कुणीतरी हमखास सुचवतो, "खालच्या बाजूला चार फेरे जास्ती टाका की!"

"चार फेरे म्हणजे सोळा-सतरा व्होल्ट. रात्री पंप बंद झाल्यावर तुझ्याच घरातले बल्ब उडतील. आणि वरच्या तारेतनं तेवढा जास्ती करंट ओढायचा, तो कोण देणार, तुझा चुलता?"

"मग ही डीपी स्वतःचं असं काय पैदा करती?"

"ऊब आणि गुणगुण."

उत्तर तिरकस, पण चूक काढायला जागा नाही. वरून आलेली पॉवर जवळपास तेवढीच खाली उतरते. शंभरातला एखाद-दोन भाग उष्णतेत जातो, आणि लोखंडी गाभा गुणगुणत राहतो.

वटपौर्णिमेला बायकोबरोबर गेलेले मिस्त्री वडाला न्याहाळत उभे राहिले. "गाभा लाकडाचा. ह्यात चुंबकत्व खेळणार कसं? पातळ पत्रे रचायला हवे होते." मग जरा वेळानं, खऱ्या आदरानं म्हणाले, "पण दिशा बघ. एवढ्या बायका, एकीचाही फेरा उलटा नाही. आमच्या पोरानं परवा कॉइल उलटी जोडली, दोन्ही एकमेकींना मारत बसल्या."

बायको सूत सोडत पुढं निघाली.

"किती घालणार?"

"सात. सात जन्मांचे."

"म्हणजे जन्माला एकच फेरा? अगं, दाब काय मिळणार त्यात!"

"दाबाचं मी बघते," बायको म्हणाली. "तुम्ही मोजा."