दशांशचिन्हानंतरची मराठी

ग्रंथालयातली पुस्तकं लावण्यासाठी ग्रंथपाल ड्युईसाहेबांनी १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं आणि प्रत्येक विषयाला आकडा दिला. इंग्रजी साहित्याला ८२० चा ऐसपैस वाडा, मराठीला ८९१.४६, म्हणजे पोटभाडेकरूची खोली. ज्ञानोबा-तुकोबांपासून कालच्या नवकवीपर्यंत सगळे तिथेच, दशांशचिन्हानंतर दाटीवाटीने. हिंदू धर्म २९४.५ वर, धर्मासाठीच्या २०० मधली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने आधीच अडवलेली. आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ मध्ये स्वदेशी द्विबिंदू वर्गीकरण पद्धत दिली. तिचं आपण मनापासून कौतुक केलं आणि ड्युईच वापरला.

पुण्यातल्या कात्रजकरांना मात्र एक सोय आहे. कुणी भलत्याच खणात खोचल्यामुळे सापांचं पुस्तक ५९७.९६ वर सापडलं नाही, तर सर्पोद्यान जवळच आहे. तिथे निदान नाग धामणीच्या पिंजऱ्यात सापडत नाही.

तेव्हा वाचकहो, चाळलेलं पुस्तक स्वतः कपाटात खोचू नका, टेबलावरच ठेवा. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा.